फोटो दोनदा काढावा लागतो

पालघर-बोईसरकडे फोटोला तीन क्रियापदं आहेत. हिंदी बोलणारा फोटो खेचतो, गुजराती बोलणारा पाडतो आणि आपण काढतो. तिघांत आपलं क्रियापद सगळ्यांत प्रामाणिक आहे असं माझं मत आहे, आणि त्यात भाषाभिमानाचा भाग फार तर चार आणे असेल. काढणं म्हणजे आत अडकलेलं बाहेर आणणं. दात काढतात, काटा काढतात, विहिरीचं पाणी काढतात. कर्जसुद्धा बँकेच्या पोटातून बाहेर काढावं लागतं आणि त्याला किती कळा लागतात ते घेणाऱ्याला विचारावं. मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला या शब्दाचं वजन कळत नाही, कारण त्याचा फोटो काढल्या क्षणी काकांपर्यंत पोचलेला असतो. वजन कळतं ते वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा कपाटातून निघाला की. तेव्हा लक्षात येतं की फोटो दोनदा काढावा लागतो. एकदा माणसाचा, आणि एकदा कॅमेऱ्यातून. पहिलं काढणं कंपन्यांनी इतकं सोपं केलं, की आजीनेही नातवाचे पाय कापून उरलेल्या नातवाचा फोटो सहज काढला. दुसरं काढणं मात्र कुणाच्याच गळ्यात नीट बांधलं गेलं नाही. कॅमेरा जुना झाला, बाद झाला, असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो. बिनसलेली असते ती त्याची कॉम्प्युटरशी असलेली सोयरीक, आणि सोयरीक बिनसली तर खापर नवऱ्यामुलावर का फोडायचं, एवढाच माझा मुद्दा आहे.

रोलच्या काळात या दुसऱ्या काढण्याला दुकान होतं, पावती होती आणि शिव्या द्यायला समोर एक माणूस होता. 36 चा रोल संपला की स्टुडिओत धुवायला टाकायचा, ‘परवा या’ हे वाक्य तीनदा ऐकायचं आणि चौथ्या खेपेला पाकीट घेऊन घरी यायचं. काळोखात काय चालतं, कुठल्या रसायनात काय बुडवतात, याची चौकशी करण्याचं आपल्याला कारण नव्हतं. 2000 सालानंतर घराघरांत डिजिटल कॅमेरे येऊ लागले आणि स्टुडिओवाल्याचं हे अख्खं खातं कुणालाही न विचारता घरात बदली होऊन आलं. खातं आलं, पण खात्याचा माणूस काही आला नाही. मग ते काम भाच्याकडे गेलं. प्रत्येक घराचा एक भाचा असतो, ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं. भाचा पुढे पुण्याला शिकायला गेला, तिथून बंगळुरूला गेला, आणि जाताना सगळं ज्ञान बरोबर घेऊन गेला. केबलही बहुधा त्याच्याच बॅगेतून गेली असावी, पण घरच्या माणसावर आळ कोण घेणार?

हा प्रश्न सालवडसारख्या ठिकाणी अधिक गंमतीचा होतो. बोईसर कुठे संपतं आणि सालवड कुठे सुरू होतं हे तलाठ्याशिवाय दुसरा कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. एका अंगाला तारापूर एमआयडीसी, तिथली केमिकलची, औषधांची, कापडाची, पोलादाची कारखानदारी. पलीकडे समुद्राच्या बाजूला अणुवीज केंद्र. म्हणजे घरटी एक तरी माणूस असा, जो दिवसभर मीटर, व्हॉल्व्ह, पॅनेल आणि सेन्सर यांच्यात वावरतो. महाराष्ट्रात जुन्या कॅमेऱ्यातला फोटो सुखरूप बाहेर यायचा तर तो इथे यायला हवा. आणि इथेही तो कपाटातच आहे. तेव्हा ‘लोकांना तांत्रिक ज्ञान नाही’ हा नेहमीचा आक्षेप इथे लागू पडत नाही. ज्ञान भरपूर आहे, पण ते डबा घेऊन सकाळी पहिल्या शिफ्टला जातं आणि घरी परततं तेव्हा थकलेलं असतं.

अडचण नक्की कुठे आहे हे पाहायचं तर केबलपासून सुरुवात करावी लागते. वायरींचा एक खोका प्रत्येक घरात असतो, बहुधा जुन्या दिवाळीतल्या मिठाईचा. त्यात नोकियाची बारीक पिन असते, प्रिंटरची चौकोनी पिन असते, कुठल्याशा रेडिओचा अडॅप्टर असतो आणि एक वायर अशी असते की ती कशाची हे कुणालाच माहीत नसतं, पण टाकून द्यायची छाती कुणाची होत नाही. कॅमेऱ्याची केबल तेवढी नसते. मग स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानात जायचं. दुकानदार विचारतो, ‘कसली पिन पाहिजे काका?’ आता पिनेला नाव असतं हे काकांना ठाऊक नसतं. ते अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक फट दाखवतात. दुकानदार हसून म्हणतो, ‘ती जुनी पिन. येत नाही आता.’ काका फार चिकाटीचे असतील तर लोकल धरून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. जायला शंभर किलोमीटर, यायला शंभर, आणि मधे हातभर वायर.

ती वायर घेऊन घरी आल्यावर खरी परीक्षा. यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती नेतात. पण स्वस्तातल्या पुष्कळ केबली फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांत हिरवी-पांढरी घातलेलीच नसते. बाहेरून काही कळत नाही. तेच काळं आवरण, तीच पिन, तसाच खटकन बसल्याचा समाधानी आवाज. एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, मधे वायर, आणि दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. जेवायला शेजारी बसवलेले भांडलेले व्याही याहून अधिक बोलतात. अशा वेळी आपण दोष कुणाला देतो? कॅमेऱ्याला. ‘जुना झाला हो, कॉम्प्युटर घेत नाही त्याला.’ कॉम्प्युटरपर्यंत त्याचा निरोप पोचलेलाच नसतो.

इथे नावाचीही एक थट्टा आहे. यूएसबीतला यू म्हणजे युनिव्हर्सल, अखिल विश्वाचा. त्याआधी कॉम्प्युटरच्या पाठीला माउसचं भोक वेगळं, प्रिंटरचं वेगळं, मोडेमचं वेगळं, आणि आवळायचे स्क्रू वेगळे. 1996 साली आलेल्या या तोडग्यावर इंटेलमध्ये ज्यांनी काम केलं त्यांत अजय भट्ट हे प्रमुख नाव, आणि हे गृहस्थ बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. बडोदा म्हणजे बोईसरच्या फलाटावरून उत्तरेकडच्या गाडीत बसलं की सरळ त्याच रुळांवर. एवढ्या जवळचा माणूस असून त्याचा आपल्याला उपयोग झाला नाही, कारण कॅमेरा कंपन्यांनी त्या विश्वबंधुत्वाचं एकच टोक घेतलं. कॉम्प्युटरकडचं टोक सगळ्यांचं, कॅमेऱ्याकडचं टोक ज्याचं त्याचं. निकॉनच्या कितीतरी कूलपिक्सना आठ पिनांचं भोक, ऑलिंपसच्या कितीतरी कॅमेऱ्यांना बारा पिनांचं. त्या मानाने कॅननचं बरं. त्यांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत साधी मिनी यूएसबी चालायची. कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्याच भोकातून टीव्हीला चित्र आणि आवाज नेण्याची सोय त्यांना करायची होती, म्हणून पिना वाढल्या. कारण खरं आहे. पण टीव्हीवर फोटो दाखवण्याची हौस पहिल्या दिवाळीत फिटली, आणि बारा पिना जन्माला चिकटल्या.

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. तंत्रज्ञान पुढे जाणारच, नव्या कॉम्प्युटरने जुन्या कॅमेऱ्याला ओळख दाखवावी ही अपेक्षाच चुकीची, जुनं ते जुनं. ऐकायला हे फार व्यवहारी वाटतं, पण पुरावा उलटा आहे. कॅमेऱ्याने कॉम्प्युटरशी कुठल्या भाषेत बोलायचं याचा एक प्रमाणित नियम 2000 साली ठरला, त्याला पीटीपी म्हणतात. फोटो कार्डावर कुठल्या नावाच्या फोल्डरात ठेवायचे याचा नियम त्याहून जुना, 1998 चा. डीसीआयएम नावाचं ते फोल्डर आजच्या नव्या कोऱ्या मोबाइलमध्येही तसंच आहे, उघडून बघावं. म्हणजे भाषा तीच, पत्ता तोच. उलट विंडोज 98 च्या काळात नव्या कॅमेऱ्यालाही सीडी घालून ड्रायव्हर चढवल्याशिवाय दारात उभं करत नसत. आजचा लॅपटॉप 2005 चा कॅमेरा बहुतेक वेळा बिनबोभाट ओळखतो. फक्त केबलीत चारही तारा हव्यात, कॅमेरा चालू हवा, आणि काही मॉडेलांना तो फोटो बघण्याच्या खुणेवर फिरवलेला लागतो. काही ठिकाणी मेनूत शिरून ‘प्रिंटर’वरून ‘पीसी’वर यावं लागतं, घरात लेझीम खेळून झाल्यावर कुणीतरी मॅन्युअल उघडतं तेव्हा हे कळतं. त्याआधीचे, सिरियल पोर्टने जोडायचे कॅमेरे खरोखर अवघड आहेत, हे मान्य. पण आपल्या कपाटांत ते नाहीतच. ते यायच्या काळात आपण 36 च्या रोलात 37 वा फोटो बसवण्यात गुंतलो होतो.

आणि जुनं यंत्र नव्या जगाशी जोडून ठेवता येत नाही हे तारापूरच्या परिसरात बसून कुणी म्हणू नये. कारखान्यांच्या जगात एक दृश्य सर्रास दिसतं. पॅनेल रूमच्या कोपऱ्यात एक मळकट पांढरा कॉम्प्युटर, त्यावर विंडोज एक्सपी, आणि वर सेलोटेपने चिकटवलेला कागद, ‘हात लावू नये’. एका जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावर चालतं, म्हणून त्याची बडदास्त ठेवलेली असते. त्याची नऊ पिनांची केबल स्टोअरमध्ये नोंद करून ठेवलेली असते आणि ती न्यायची तर सही करावी लागते. अणुवीज केंद्राची गोष्ट तर याहून मोठी. पहिली दोन युनिटं अमेरिकी कंपनीने बांधली आणि 1969 साली सुरू झाली. इंधन अमेरिकेने द्यायचं असा 1963 चा करार होता. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर ती सोयरीक बिनसत गेली. मग फ्रान्सकडून इंधन आलं, पुढे चीनकडून आलं, त्यानंतर रशियाकडून. केबल बदलत गेली, यंत्र तेच राहिलं, आणि 2020 साली दुरुस्तीसाठी थांबेपर्यंत त्याने पन्नास वर्षं वीज दिली. कुणी असं म्हटलं नाही, की पिन मिळत नाही, तेव्हा अणुभट्टी भंगारवाल्याला देऊन टाका. ज्या गावाच्या उशाशी एवढं मोठं जुनं यंत्र चार देशांच्या पिना लावून चालवलं गेलं, तिथे तळहाताएवढा कॅमेरा मिनी यूएसबीपाशी हात टेकतो. फरक काय, तर तिथे मेन्टेनन्स नावाचं खातं आहे. घरात मेन्टेनन्स म्हणजे सणाच्या आधीची साफसफाई, आणि तिचा पहिला नियम ‘लागत नाही ते काढून टाका’ हा. त्यात काढणं या क्रियापदाचा तिसरा अर्थ निघतो, कॅमेऱ्याच्या दृष्टीने शेवटचा.

जाणकार वाचक इतका वेळ हात वर करून बसला असेल, त्याचं ऐकू या. तो म्हणतो, केबलीच्या मागे लागताच कशाला? कार्ड काढा, कार्ड रीडरमध्ये घाला, काम फत्ते. बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे, आणि या लेखातला एकमेव उपयुक्त सल्ला हाच आहे, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. एसडी कार्ड असेल तर वीस वर्षांपूर्वीचं कार्ड आजच्या रीडरमध्ये बिनतक्रार वाचलं जातं. पण कार्ड एसडीच असेल हे कुणी सांगितलं? सोनीची मेमरी स्टिक 1998 ची, वेगळ्या मापाची. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी मिळून 2002 साली एक्सडी कार्ड काढलं. ते दोन जीबीच्या पुढे वाढलं नाही आणि काही वर्षांत दोन्ही कंपन्यांनीच एसडीचा रस्ता धरला. पोरकं झालेलं ते कार्ड आजच्या साध्या रीडरमध्ये बसत नाही. शिवाय पुष्कळ कॅमेऱ्यांना पोटातच थोडी मेमरी असे. कार्ड नसताना काढलेले फोटो तिथे जाऊन बसत, आणि कार्ड बाहेर काढून ते हाती लागायचे नाहीत. नेमके तेच फोटो, जे घाईत, कार्ड घालायला विसरून काढले गेले, ते त्या काळकोठडीत असतात. त्यांच्यासाठी केबलच लागते. म्हणजे जाणकाराचा सल्ला बरोबर, पण तो सल्लाही कार्डावर लिहिलेल्या दोन अक्षरांवर अवलंबून.

यावर कुणी म्हणेल, एवढा आटापिटा करून मिळणार काय? फोटो दोन-तीन मेगापिक्सेलचे, निम्मे हललेले, उरलेल्यांत सगळ्यांचे डोळे लाल. तेही खरं आहे. सोबत आलेलं 16 एमबीचं कार्ड दहा-बारा फोटोंत भरायचं, म्हणजे 36 च्या रोलपेक्षाही हात आखडता. तरी त्या बारांत चार फोटो पंख्याचे असत. नावं तर विचारूच नका. नियमच असा, की नावाला आठ अक्षरं आणि त्यात शेवटचे चार आकडे. बाळाचं बारसं म्हणजे डीएससीएन 0047, साखरपुडा म्हणजे आयएमजी 0112. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, आणि सेल काढून ठेवल्याने घड्याळ मूळपदावर गेलेलं, त्यामुळे गणपती 1 जानेवारीला बसलेले आणि होळीही 1 जानेवारीलाच पेटलेली. पण हेच फोटो एका गोष्टीत आजच्या हजार फोटोंना भारी आहेत. त्यांच्यात जे गाव आहे ते आता नाही. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला, म्हणजे त्या कार्डातलं सालवड अजून ठाणे जिल्ह्यात आहे. बोईसरच्या फलाटावर डहाणूची लोकल 2013 साली आली, म्हणजे त्या फोटोतली माणसं शटलची वाट बघतायत. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली तो काळ नेमका याच कॅमेऱ्यांचा. तिथल्या एखाद्या ओटीचा फोटो कुणाच्या कार्डात असेल, तर त्याचे मेगापिक्सेल कोण मोजणार आहे?

गंमत म्हणजे कॅमेऱ्याला म्हातारा म्हणणाऱ्या पिढीच्या मुलांनीच त्याला पुन्हा बाजारात आणलंय. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली जगभरात 12 कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले. 2023 साली तो आकडा 80 लाखांच्या आत होता. मधली सगळी माणसं मोबाइलकडे गेली, आणि आता विशीतली मुलं जुने ‘डिजिकॅम’ शोधत हिंडतायत, कारण त्यातला फोटो हललेला, भडक आणि ‘खरा’ दिसतो म्हणे. केळव्याच्या किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर असा कॅमेरा गळ्यात घालून मिरवताना त्यांना पहिलं काढणं छान जमतं. दुसऱ्याशी गाठ पडली की तेही काकांच्याच रांगेत. मग शेवटचा उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो लावायचा आणि त्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढायचा. त्यात अडीच इंचांची चौकट येते, वर ट्यूबलाइटची पांढरी रेघ येते, बॅटरी संपत आल्याची लाल खूण येते, आणि चौकटीला टेकलेला एक अंगठा येतो. हा तिसऱ्यांदा काढलेला फोटो. तो कुटुंबाच्या ग्रुपवर पडतो आणि खाली पहिला प्रतिसाद येतो, ‘मूळ फोटो पाठव ना.’

मूळ फोटो पाठवायचा तर पुन्हा पहिल्यापासून. समजा चार तारांची केबल मिळाली, मेनू ‘पीसी’वर आला, रविवारी भाचाही व्हिडिओ कॉलवर आला. आता कॅमेरा चालू व्हायला दोन पेन्सिल सेल लागतात, कारण त्या काळचे सेलवरचे कॅमेरे केबलीतून विजेचा एक थेंबही घेत नसत. जोडलेले असताना उलट आपल्याच सेलवर जगत. घरात नवे सेल कधीच नसतात. म्हणून एक हॉलमधल्या घड्याळातून येतो आणि एक स्वयंपाकघरातल्या. घड्याळाला वर्षभर पुरणारा सेल कॅमेऱ्याला मिनिटभर पुरला तर नशीब. तरीही भिंग खर्र आवाज करत बाहेर येतं, पडदा उजळतो, सगळे पुढे झुकतात. हॉलमधलं घड्याळ सव्वाचारला थांबलेलं आहे, स्वयंपाकघरातलं, ते नेहमी पाच मिनिटं पुढे, म्हणून चार-वीसला. आणि इतक्या वर्षांनी डोळे उघडलेला कॅमेरा फोटोबिटो काही न दाखवता पहिला प्रश्न विचारतो, आजची तारीख काय आणि वाजले किती?